टोमॅटोच्या रोपांना साडीचं पांघरूण



आम्ही निफाड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. माइकसमोर एकीलाच बसवलंय, पण सांगणं अकरा जणींचं आहे, म्हणून 'मी' म्हणायचं नाही असं आमचं ठरलंय. आमचा गट भाजीपाल्याची रोपं तयार करून विकतो. कोबी, मिरची, वांगी असतातच, पण भिस्त टोमॅटोवर. आज बोलायचंय ते उन्हाळी टोमॅटोच्या कोवळ्या रोपांबद्दल, आणि संक्रांत झाल्यावर अवचित परत येणाऱ्या थंडीबद्दल.

तुम्ही म्हणाल, थंडी मार्गशीर्ष-पौषातली, संक्रांतीनंतर तिचं एवढं काय? पण घात होतो तो तेव्हाच. डिसेंबरच्या थंडीला आपण तयार असतो. पोरांचे स्वेटर बाहेर असतात, आणि वाफ्यावर काही ना काही पांघरलेलं असतं. संक्रांतीला वाण लुटून झालं, दिवस तिळातिळाने वाढायला लागला, दुपारी अंगणात ऊन सोसेना, की आपलं मन ढिलं पडतं. वाफ्यावरची झाकणं गोळा होऊन छपराखाली जातात. मग एखाद्या दिवशी बातमी येते की तिकडं हिमालयात बर्फ पडला, उत्तरेत पाऊस झाला. आभाळ इकडंही जरा मळभतं, दोन रात्री उबदार जातात. ते मळभ हटलं की वारा उत्तरेचा होतो, कोरडा होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री पारा धाडकन खाली येतो. हे जानेवारीच्या शेवटी होतं, फेब्रुवारीतही होतं. म्हातारी माणसं म्हणतात, थंडी शिवरात्रीला 'शिव शिव' म्हणत जाते. आम्ही ते शब्दशः धरतो. शिवरात्रीपर्यंत झाकणं घडी करून ठेवायची नाहीत.

आता यात एवढं अडलंय काय, रोपं गेली तर दुसरी टाकू, असं कुणी म्हणेल. हिशेब मांडून बघा. पाच फुटांची सरी आणि दीड फुटावर रोप धरलं तर एकराला पावणेसहा हजारांच्या आसपास रोपं लागतात. दहा ग्रॅमच्या पुडीत साधारण तीन हजार बिया असतात, म्हणजे एकराला दोन पुड्या. संकरित बियाण्याच्या पुडीचा भाव तुम्हाला ठाऊक आहे. पण बियाण्याचे पैसे हा त्यातला लहान भाग. मोठं नुकसान दिवसांचं होतं. डिसेंबरच्या शेवटी टाकलेलं बी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला लावणीला येतं. लावणीनंतर महिनाभरात फुलं, आणि एप्रिलमध्ये तोडा. हीच रोपं जानेवारीअखेरीस थंडीनं मेली आणि नव्यानं बी टाकलं, तर लावणी मार्चमध्ये जाते आणि फुलं येतात ती ऐन एप्रिलच्या उन्हात. दिवसाचा पारा अडतीसच्या पुढं आणि रात्रीही उकाडा असेल, तर टोमॅटोचं फूल फळ धरत नाही, देठातून गळतं. झाड हिरवंगार दिसतं, पण हाताला काही लागत नाही. म्हणजे एका रात्रीची थंडी तुमचा अख्खा उन्हाळी हंगाम नेते. आणि आमच्यासारख्यांनी लोकांकडून रोपांची इसार घेतलेली असेल तर तोंड दाखवायची चोरी. आमच्या गटातल्या एकीच्या नाल्याकाठच्या वाफ्यातली रोपं अशीच रथसप्तमीच्या अलीकडं एका रात्रीत गेली. सकाळी हिरवी दिसत होती, जरा काळपट हिरवी एवढंच. दहा वाजेपर्यंत उकडलेल्या पालकासारखी झाली. इसार परत करायला तिला कानातलं गहाण टाकावं लागलं.

थंडीचं एक नीट समजून घेऊ, मग बाकीचं सोपं जातं. आपल्याला वाटतं थंडी वरून पडते. 'हिव पडलं' असं आपण म्हणतोही. खरं तर वरून काही पडत नाही, खालून ऊब निघून जाते. दिवसभर माती ऊन पिते. सूर्य कलला की ती ऊब आभाळाकडं जायला लागते. आभाळात ढग असतील तर त्यातली बरीच परत खाली येते, म्हणून ढगाळ रात्र उबदार असते. आभाळ निरभ्र असेल, हवा कोरडी असेल आणि वारा पडलेला असेल, तर ऊब जातच राहते. पहाटे सूर्य उगवायच्या जरा आधी माती आणि पानं सगळ्यात गार असतात. पान तर भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं, कारण ते पातळ आहे आणि उघडं आभाळाकडं तोंड करून बसलंय.

म्हणूनच बातम्यांत 'किमान तापमान पाच अंश' ऐकलं की शून्याला अजून वेळ आहे असं समजू नका. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. तुमचं रोप जमिनीपासून वीतभर, उघड्यावर. वारा नसलेल्या रात्री खालची हवा त्या पेटीतल्या हवेपेक्षा दोन-चार अंशांनी गार असू शकते. बातमीत चार-पाच अंश असताना तुमच्या वाफ्यावरचं दव गोठलेलं असू शकतं. आम्ही एक साधा तापमापक आणलाय आणि तो रोपाच्या उंचीवर, काठीला बांधून, वाफ्यात लावलाय. शहाणं यंत्र आहे. नवऱ्याशी वाद घालायला तर फार उपयोगी पडतं.

आणखी एक, थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराकडं वाहते आणि खोलगट जागी साचते. गोदावरी-कादवेच्या काठची, नाल्याची, ओढ्याची रानं म्हणून जास्त गारठतात. एकाच शेतात वरच्या बांधाजवळ काही होत नाही आणि खालच्या कोपऱ्यात रोपं करपतात, यात दैवाचा भाग नाही. रोपवाटिकेची जागा निवडतानाच हे बघायचं. आम्ही नाल्याकाठी वाफे टाकणं बंद केलंय. घराच्या दक्षिणेला किंवा पश्चिमेला, भिंतीजवळ जागा असेल तर सोनं. दुपारभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. आमच्याकडं शेतात शेवरी आणि मका उत्तरेच्या अंगाला दाट लावतात, त्यानं उत्तरेचा बोचरा वारा अडतो. मात्र उताराच्या तळाला तेच कुंपण दाट असेल तर थंड हवा तिथंच तुंबते, तेव्हा खालच्या बाजूला वाट मोकळी ठेवा.

आता मुख्य गोष्ट. गोधडी आपल्याला ऊब देते का? नाही. गोधडी शेगडी नाही. अंगातली ऊब ती धरून ठेवते. वाफ्याचंही तेच. वाफ्याचं अंग म्हणजे माती. मातीत ऊबच नसेल तर वर शालू पांघरला तरी रोप गारठणार. म्हणून पांघरायच्या आधी दिवसा मातीत ऊब भरायची. कोरडी भुसभुशीत माती ऊब फार साठवत नाही, ओली आणि दबलेली माती साठवते. थंडीची लाट येणार असं कळलं की आम्ही दुपारी बारा-एकच्या सुमाराला वाफ्यांना पाणी देतो. दुपारी का, तर मातीला ओलेपणी ऊन प्यायला वेळ मिळतो आणि पानं संध्याकाळच्या आत सुकतात. विहिरीचं आणि बोअरचं पाणी या दिवसांत हवेपेक्षा कोमट असतं, सकाळी त्यातून वाफ निघताना तुम्ही बघितलं असेल. तेच थेट द्यायचं. टाकीत रात्रभर साठवून गार झालेलं सकाळी घालू नका.

याच कारणानं आणखी एक गोष्ट. रोपांच्या ओळींमध्ये पाचट किंवा भुसा पसरलेला असेल तर थंडीच्या दिवसांत तो दिवसा बाजूला सारा. आच्छादन चांगलंच, पण ते मातीच्या आणि उन्हाच्या मध्ये येतं. दिवसा ऊन आत जाऊ देत नाही आणि रात्री खालची ऊब रोपापर्यंत वर येऊ देत नाही. माती उबदार, रोप गार, असा उलटा न्याय होतो.

मग पांघरूण. बाजारात क्रॉप कव्हर मिळतं, पांढरं, न विणलेलं कापड. कलिंगडवाले वापरतात ते. परवडत असेल तर उत्तम. त्यातून ऊन आणि हवा दोन्ही जातं, दिवसा काढलं नाही तरी रोप गुदमरत नाही. पण आम्ही सुरुवात केली ती साड्यांनी, आणि अजून निम्मे वाफे साड्यांवरच आहेत.

कोणत्या साड्या? प्रत्येकीच्या घरी एक गठ्ठा असतो, मानपानाच्या साड्यांचा. लग्नात आलेल्या, कुणीच न नेसलेल्या, पुढच्या लग्नात कुणाला तरी द्यायच्या म्हणून जपलेल्या. पाचव्या घरी जाऊन त्याच आपल्याकडं परत आलेल्याही असतात. त्यांचं सोनं करायची हीच वेळ. सिंथेटिक असेल तर जास्त बरी. जुनं सुती लुगडं दवानं भिजतं, जड होतं, खाली लोंबतं आणि रोपांवर ओलं बसतं. सिंथेटिक साडी तासाभरात वाळते.

माप असं. आमचा गादीवाफा एक मीटर रुंद, तीन मीटर लांब आणि वीतभर उंच. त्यावर बांबूच्या कामट्यांच्या कमानी, अर्ध्या मीटरपेक्षा जरा कमी उंचीच्या, दर दोन-अडीच फुटांवर एक. कमानीवरून कापड या काठापासून त्या काठापर्यंत आणायला दीड मीटर लागतं, वर दोन्हीकडं मातीत दाबायला वीतभर. एका साडीचा पन्हा तेवढा नसतो. म्हणून दोन साड्या काठाला काठ लावून शिवायच्या. लांबी साडेपाच मीटर असतेच, तीन मीटरचा वाफा आणि दोन्ही टोकांचे पडदे त्यात आरामात बसतात. नऊवारी असेल तर आणखी मोठा वाफा निघतो. कडाक्याच्या रात्री आम्ही कमानीच्या वरून आणखी एक पदर टाकतो, खालच्या कापडाला चिकटवून नाही, चार बोटं अंतर ठेवून. मधली अडकलेली हवाच जास्त काम करते. आमच्या काठीवरच्या तापमापकात बाहेर तीन अंश असताना आत साडेपाच-सहा दिसले आहेत. एवढंच मिळतं, दोन-तीन अंश. पण मरण आणि जगणं यांत तेवढाच फरक असतो.

कापड पानांना टेकू द्यायचं नाही. टेकलेल्या जागेतून ऊब बाहेर जाते आणि नेमकी तीच पानं करपतात. कमानी त्यासाठीच. आणि कापड जमिनीपर्यंत आणून चारी बाजूंनी माती किंवा दगडांनी दाबायचं. परसातल्या रोपाला काहीजणी फडकं गुंडाळून खोडाशी दोरी बांधतात, लहान मुलाला टोपरं बांधावं तसं. त्याचा काही उपयोग नाही. मातीतून वर येणारी ऊब फडक्याच्या बाहेरून निघून जाते. छत्री नको, तंबू हवा.

नुसता प्लॅस्टिकचा कागद पांघरू नका असं आमचं स्पष्ट मत आहे. पातळ कागदातून रात्रीची ऊब बरीचशी आरपार जाते, आतून पाणी सुटतं, ते रोपांवर ठिबकतं आणि सकाळी विसरलात तर अकरा वाजता आत भट्टी. प्लॅस्टिकच असेल तर खाली साडी, वर कागद.

वेळ कोणती? आमच्या गटात यावर एकही अपवाद चालत नाही. संध्याकाळी पाचच्या आत वाफे झाकलेच पाहिजेत. जानेवारीत आमच्याकडं सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. त्याच्या आधी तासभर, माती गरम असताना झाकायचं. स्वयंपाक उरकून, भांडी घासून, रात्री नऊला बॅटरी घेऊन झाकायला गेलं तर निम्मी ऊब केव्हाच आभाळात गेलेली असते. हे काम पाचचं आहे हे घरच्यांना एकदा ठणकावून सांगावं लागतं. पाच ही चहाची वेळ, जनावरांच्या दुधाची वेळ, पोरं शाळेतून यायची वेळ, आणि या सगळ्यात बाईनंच कुठंतरी असायला हवं असतं. आम्ही पाळ्या लावल्या. दोघी दुधाचं बघतात, बाकीच्या झाकतात. एकटीच्या रोपवाटिकेला हे जमवणं खरंच अवघड आहे, शेजारणीला धरा.

आता रात्री जागण्याबद्दल. आमच्या भागात थंडी वाढली की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. ते बघून टोमॅटोवालेही वाफ्याच्या कडेला पाचट पेटवतात. धूर झाला म्हणजे रोपं वाचली असा समज आहे. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा, धुराचा फार नाही. जमिनीतून जाणारी ऊब धूर म्हणावा तितका अडवत नाही. पेटवायचंच असेल तर एक मोठा जाळ नको, त्याची गरम हवा सरळ वर जाते आणि बाजूची गार हवा आत ओढली जाते. लहान लहान पुष्कळ शेकोट्या, वाऱ्याच्या अंगाला. जुने टायर तर अजिबात जाळू नका. तो धूर पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या छातीत जातो, आणि चुलीच्या धुराचं दुखणं बायांना नव्यानं सांगायला नको.

पण आमचा खरा आक्षेप वेगळा आहे. आमच्याकडं ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. पहाटे तीन-चारला शेतात एकट्या बाईनं जायचं, वाकून जाळ फुंकायचा, हे आम्हाला मंजूर नाही. वाकलेलं, बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं वाटतं असं वनखात्याची माणसं सांगतात. रात्रीची वीज असेल त्या आठवड्यात पाणी धरायला पुरुष माणसं जातात, तीही दोघं-दोघं, काठी-बॅटरी घेऊन. रोपांसाठी कुणी जीव टांगणीला लावू नये. पाचच्या आत सगळं नीट केलं असेल तर पहाटे जायची गरज बहुतेक पडत नाही. मळ्यात वस्तीवर राहणाऱ्या आमच्या मैत्रिणींसाठी हे मुद्दाम सांगतोय.

त्याऐवजी वाफ्यात पाण्यानं भरलेले काळे कॅन ठेवा. तेलाचे, फवारणीचे नव्हेत हं, औषधाचे डबे रोपांजवळ नकोत. स्वच्छ कॅन काळे रंगवून, तोंडापर्यंत पाणी भरून, वाफ्याच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या आत. दिवसा ऊन पितात, रात्री हळूहळू सोडतात. जागायचं काम त्यांचं.

ट्रेमधल्या रोपांचं थोडं निराळं. प्रो-ट्रेच्या एकेका खणात चमचाभर कोकोपीट. एवढ्याशा मातीत ऊब कितीशी साठणार? मांडवावर, जमिनीपासून उंच ठेवलेले ट्रे वरून आणि खालून दोन्हीकडून गारठतात. कडाक्याच्या रात्री आम्ही ते उतरवून जमिनीवर, भिंतीकडेला ठेवतो आणि कमानीखाली झाकतो. सकाळी परत वर, नाहीतर मुळं खाली जमिनीत शिरतात. थोडेच ट्रे असतील तर पडवीत घ्या. कीटकजाळीच्या भरवशावर राहू नका. ती पांढऱ्या माशीसाठी आहे, ती हवीच, पण ऊब ती धरत नाही.

बी टाकल्यावरचं एक सांगायचं राहिलं. गारठ्यात बी लवकर उगवत नाही. एरवी आठवड्यात डोकं काढणारं बी दहा अंशांच्या आसपास ढिम्म पडून राहतं आणि मग सडतं. बी टाकून ट्रे एकावर एक रचा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि घरात, चुलीच्या खोलीत चार-पाच दिवस ठेवा. रोज उघडून बघा. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी उजेडात. एक दिवस उशीर झाला तर सुतासारखी लांबट रोपं होतात.

सकाळी काढायचं केव्हा? ऊन वाफ्यावर आलं, दव सुकायला लागलं की, साधारण साडेआठ-नऊला. सूर्य यायच्या आधी नाही. आणि दुपारपर्यंत ठेवायचंही नाही. आपल्याकडची गंमत अशी की रात्री सहा अंश आणि दुपारी तीस. झाकलेल्या दमट वाफ्यात बुडाशी रोपं कुजून माना टाकतात. थंडीनं मेली त्यापेक्षा अशी मेलेली रोपं आम्ही जास्त बघितली आहेत.

थंडीत पानं खालून जांभळी पडतात. घाबरू नका आणि दुकानात धावू नका. दुकानदार लगेच बाटली पुढं करतो. गार मातीत मुळांना स्फुरद घेता येत नाही, म्हणून तो रंग येतो. मातीत स्फुरद असूनही येतो. चार दिवस ऊब मिळाली की नवी पानं हिरवी निघतात. युरिया तर या दिवसांत रोपांना दाखवूच नका. लुसलुशीत, पाणचट वाढ होते आणि तीच पहिली करपते.

लावणीच्या आधी आठ-दहा दिवस रोपं काटक करायची. पाणी कमी, दिवसभर उघड्यावर ऊन-वारा, रात्रीचं पांघरूण हळूहळू एक पदर कमी. मात्र दव गोठेल अशा रात्री काटक रोपही झाकायचं. काटक केलेलं रोप गारठा सोसतं, गोठणं सोसत नाही.

आणि लावणीची घाई. यावरून दरवर्षी घरोघरी भांडणं होतात. सरी तयार, ठिबक अंथरलेलं, मजूर बायांना सांगून ठेवलेलं, घरातला कर्ता म्हणतो उद्या लावणी म्हणजे उद्याच. आणि त्याच दिवशी वारा उत्तरेचा झालेला असतो. त्यांचंही चुकत नाही. पिंपळगावच्या बाजारात आधी माल गेला तर दोन पैसे जास्त मिळतील ही आशा असते, आणि सांगितलेल्या बायांना ऐनवेळी नाही म्हटलं तर परत येतील याची खात्री नसते. शिवाय ट्रेमधलं रोप फार थांबवता येत नाही, पाच आठवड्यांच्या पुढं मुळं आत गुंडाळी करायला लागतात. तरी चार-पाच दिवस थांबणं शक्य असतं. आम्ही रोपं नेणाऱ्याला सरळ सांगतो, मंगळवार-शुक्रवारी हवामानाचा कृषी सल्ला येतो, 'मेघदूत' ॲपवर मराठीत वाचता येतो, तो बघून गाडी घेऊन या. रोपं आमच्याकडं थांबली तर वाफ्यावर साडी आहे. तुमच्या एकरभर रानावर पांघरायला काय आहे?

लावणी होऊन गेली आणि मग लाट आली, तर एकरभर कापड कुठून आणणार? ज्यांच्याकडं क्रॉप कव्हर आहे त्यांनी ओळीवर कमानी टाकून अंथरावं. बाकीच्यांनी दुपारपासून ठिबक चालू ठेवून माती ओली करावी, आणि खोलगट कोपऱ्यातल्या ओळी तरी वाचवाव्यात. परसातली दहा-वीस रोपं असतील तर बांबूच्या पाट्या, फुटकी मडकी, तळ कापलेले पाण्याचे मोठे कॅन, जे असेल ते उपडं घाला, वर दगड ठेवा. सकाळी न विसरता उचला. मध्यरात्री पानांवर एकदाच पाणी शिंपडून झोपायला जाऊ नका. पाणी वाळताना पानातलीच ऊब घेऊन जातं. तुषार लावायचे तर दव गोठायच्या आधीपासून सकाळी ऊन येईपर्यंत अखंड चालवावे लागतात, आणि तेवढी वीज-पाण्याची शाश्वती किती जणींकडं आहे?

एवढं करूनही काही रोपं सापडतातच. त्या सकाळी कात्री घेऊन बसू नका. तीन-चार दिवस थांबा. पानं गेली पण शेंडा हिरवा आहे, किंवा पानाच्या बेचक्यात बारीक हिरवं दिसतंय, तर रोप पुन्हा फुटेल, दहा-बारा दिवस मागं पडेल इतकंच. पण अगदी खालच्या, बीमधून आलेल्या लांबट पानांच्याही खाली खोड पाणचट, बोटानं दाबलं तर मऊ लागत असेल, तर त्यात जीव धरू नका. त्याच दिवशी नवीन बी टाका. वाट बघण्यात गेलेला प्रत्येक दिवस एप्रिलच्या उन्हात भरावा लागतो. आम्ही थोडी रोपं नेहमी मागाहून, आठ दिवसांच्या अंतरानं टाकतो. लाट आली तेव्हा ती नुकती उगवलेली असतात, ट्रेमध्ये असतात, घरात घेता येतात. कानातलं गहाण टाकलेल्या मैत्रिणीच्या त्या वर्षीच्या निम्म्या मागण्या याच मागच्या रोपांतून भागल्या. कानातलं पुढच्या दिवाळीला सुटलं.

शिवरात्र झाली की साड्या उतरवायच्या. निरम्यात भिजवून, मातीचे डाग काढून, कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून गोणीत भरायच्या आणि गोणी टांगून ठेवायची, म्हणजे उंदीर लागत नाहीत. शिवण उसवायची नाही. मे महिन्यात पावसाळी टोमॅटोचे वाफे पडतात, तेव्हा त्याच कमानींवर हीच साडी दुपारच्या उन्हाला आडवी धरायची असते. तेव्हा बाजूचे काठ मात्र वर गुंडाळायचे, वारा खेळायला.